साताऱ्यात चित्रकार कुठे भेटतात

बदली, लग्न, कॉलेज किंवा पुण्याच्या गर्दीचा उबग, कारण काहीही असो, चित्रांची आवड असलेला माणूस साताऱ्यात राहायला आला की पहिल्या महिन्यात हमखास विचारतो, "इथे आर्ट गॅलरी कुठे आहे हो?" मुंबईत काळा घोड्याला गेलं की बाराही महिने कुठल्या ना कुठल्या भिंतीवर कुणाचं तरी काम टांगलेलं असतं, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. साताऱ्यात मात्र त्या प्रश्नाने हाताला फारसं लागत नाही. इथे प्रदर्शनं लागतात ती एखाद्या सभागृहात, शाळेत नाहीतर वाचनालयाच्या हॉलमध्ये. दोन-तीन दिवस चालतात आणि उतरतात. बातमी वाचून निघेपर्यंत भिंती कोऱ्या झालेल्या असतात. म्हणून "कुठे" विचारण्याआधी "कोण" आणि "कधी" विचारायला शिका. त्याचीच ही वाट, ज्या क्रमाने गेलेली बरी त्या क्रमाने.

पहिलं काम : फ्रेमवाल्याकडे जा

गावात कोण काय रंगवतंय याची खबर सगळ्यात आधी फ्रेम करणाऱ्याला असते. चित्रकार एकमेकांशी बोलत नसतील, पण फ्रेम करायला सगळे त्याच दोन-चार दुकानांत येतात. वरच्या रस्त्याने राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे एकदा चालत जा आणि खालच्या रस्त्याने परत या. वाटेत देवादिकांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो लावलेली दुकानं दिसतील. बाहेरून बघून ठरवू नका. आत भिंतीला टेकवून, तोंड फिरवून ठेवलेले कॅनव्हास आहेत का ते बघा. असले, तर दुकान तुमच्या कामाचं.

मोकळ्या हाताने जाऊ नका. एखादं चित्र न्या, जुनं असो, लहान असो, तुमचं असो वा मुलीचं. पट्टी निवडा, माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, किती ठेवायचा विचारा, काच साधी की चमक न मारणारी ते बोला. या गप्पांत पाच-दहा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात त्याला कळतं की समोरचा फक्त पत्ता काढायला आलेला नाही. मग त्या टेकवलेल्या कॅनव्हासकडे बोट दाखवून विचारा, "हे कुणाचं काम?" उत्तर बहुतेक वेळा "आमच्या सरांचं" असं येतं. हे सर कोण, कुठल्या शाळेत होते, सध्या काय करतात, एवढं कळलं की पुरे. लगेच फोन नंबर मागू नका. आपला लिहून द्या आणि म्हणा, "प्रदर्शन असलं तर कळवा." फ्रेम न्यायला परत जाणार आहातच, तेव्हा पुढचं बोलता येतं.

एक फुकटचा सल्ला. सातारचा पावसाळा कागदाचा वैरी आहे. फ्रेमच्या मागे साधा खोका-पुठ्ठा लावलेला चालवून घेऊ नका. दोन पावसाळ्यांत माउंटवर तपकिरी ठिपके उठतात. चित्र काचेला चिकटून बसलं असेल तर माउंट घालून अंतर ठेवायला सांगा, आणि ओलसर भिंतीवर टांगायचं असेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते.

ड्रॉइंगचे सर

सातारा, कराड, वाई, फलटण, कुठेही जा, तिथल्या चित्रकलेचा कणा म्हणजे शाळेतले कलाशिक्षक. यातले पुष्कळ जण स्वतः चांगले चित्रकार असतात, आणि गावाला ते माहीत नसतं. गावाच्या लेखी ते "एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे सर". कला संचालनालयाच्या या दोन शासकीय रेखाकला परीक्षांना महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गात काय मान आहे, हे बाहेरून आलेल्या माणसाला पटकन समजत नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे ज्यांना चित्रकलेशी देणंघेणं नाही त्यांचीही मुलं स्मरणचित्र आणि संकल्पचित्र गिरवताना दिसतात. पण याच रेट्यामुळे गावागावात चित्रकलेचे वर्ग टिकून आहेत, हेही खरं.

सरांना गाठायचं तर परीक्षेच्या आधीचा महिना टाळा. त्या दिवसांत त्यांच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. परीक्षा उरकली की जा. सोबत स्केचबुक असू द्या. ते "बघू" म्हणतील, पानं उलटतील आणि एका पानावर थांबतील. तिथे जे बोलतील ते नीट ऐका, वाद घालू नका. मोठ्या वयात नव्याने शिकायचं असेल तर स्पष्ट विचारा, "सर, मोठ्यांना शिकवता का?" अनेक जण रविवारी शिकवतात, पण पाटी लावत नाहीत. बोलताना "सर", "मॅडम" हेच. पहिल्याच भेटीत नुसतं नाव घेऊन हाक मारणं इथे उद्धटपणात जमा होतं.

एका सरांशी ओळख झाली की व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आपोआप येतो. त्यात रोज सकाळी सुविचार आणि फुलं येतील, ती सोसायची. त्याच गर्दीत एखाद्या मंगळवारी "रविवारी सकाळी ७ वा. निसर्गचित्रण, पाण्याची बाटली सोबत आणणे" असा एका ओळीचा मजकूर येतो, आणि तुम्ही ग्रुपात आहात ते त्यासाठी.

एक दिवस औंधला द्या

माणसं भेटायला वेळ लागेल. दरम्यान एक दिवस काढून औंधला जाऊन या. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. खटाव तालुक्यातलं हे गाव एके काळी एका छोट्या संस्थानची राजधानी होतं, आणि तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून लोक त्यांना ओळखतात. पण त्यांनी रामायणावर चित्रं काढून ती १९१६ साली ग्रंथरूपाने छापली, अजिंठ्यावर पुस्तक केलं, आणि आयुष्यभर जमवलेला संग्रह यमाईच्या डोंगरावर स्वतंत्र इमारत बांधून १९३८ मध्ये लोकांसाठी खुला केला. तेच श्री भवानी संग्रहालय.

आत राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत. कॅलेंडरवरची छापील लक्ष्मी-सरस्वती बघत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना मूळ कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर जरा गोंधळायला होतं, कारण छापात गेलेली कातडीची ऊब आणि साडीच्या काठाचा जडपणा तिथे जागच्या जागी असतो. युरोपातल्या जुन्या चित्रांच्या नकला आहेत, हस्तिदंती आणि चंदनी काम आहे, आणि हेन्री मूरचं माय-लेकराचं दगडी शिल्पही आहे. विसाव्या शतकातल्या एका थोर इंग्रज शिल्पकाराचं काम दुष्काळी खटावच्या डोंगरावर आहे, हे जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नसेल.

बघायचं कसं, तेही सांगतो. पहिली फेरी न थांबता मारा. मग बाहेर येऊन पाणी प्या, डोंगरावरून खालचं गाव बघा. दुसऱ्या फेरीत एकच चित्र निवडा आणि त्याच्यापुढे पाऊण तास काढा. पेन्सिलने वहीत उतरवायचं असेल किंवा फोटो काढायचा असेल तर आधी तिकीट खिडकीवर विचारून घ्या. सोमवारी जाऊ नका, सरकारी संग्रहालयं बहुधा त्या दिवशी बंद असतात.

जाता जाता आणखी एक. किर्लोस्कर उद्योगाचे लक्ष्मणराव मुळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आल्यावर ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले, आणि पुढे १९१० साली औंध संस्थानच्याच माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. डोळ्यांनी दगा दिला नसता तर आपल्याकडे एक चित्रकार जास्त आणि लोखंडी नांगर कमी झाले असते.

वही घेऊन बाहेर पडा

रविवारच्या निसर्गचित्रणाला एकट्याने सुरुवात करायची तर संगम माहुली सगळ्यात सोपी. शहरापासून पाचेक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात, तिथे अठराव्या शतकातलं विश्वेश्वराचं देऊळ आहे, घाट आहे, दीपमाळ आहे. पलीकडच्या काठावर क्षेत्र माहुली. सकाळी आठच्या आत पोचा.

पहिल्यांदा बसणारा माणूस देवळाचा दगड काळा रंगवतो आणि चित्र मेलं म्हणून हळहळतो. आपला बेसॉल्ट काळा नसतो. उन्हात तो करडा-तपकिरी दिसतो, सावलीत निळसर, आणि नदीच्या पाण्याला लागून असलेल्या पायऱ्यांवर चक्क हिरवा. काळ्या रंगाची ट्यूब घरीच ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा जास्त झाला तर सावली, तांबूस जास्त झाला तर ऊन. सगळं देऊळ या दोन रंगांत आणि पाण्यात बसतं. वर शिखराच्या चुन्याच्या कामाला जरासा यलो ऑकर. कागद जाड, किमान ३०० जीएसएमचा घ्या. पातळ कार्ट्रिज कागद पाण्याने पापडासारखा फुगतो आणि मग शिखर वाकडं दिसतं ते तुमच्या रेषेमुळे की कागदामुळे हेच समजत नाही.

तिथे बसायची एक रीत आहे. जवळच स्मशानभूमी आहे, आणि घाटावर दशक्रियेला आलेली माणसं असतात. त्यांच्याकडे तोंड करून वही उघडायची नाही, फोटो तर नाहीच. देवळाच्या बाजूला वळून बसा. थोड्या वेळाने मागे पोरं गोळा होतील. "काका, माझं काढा की," म्हणतील. एखाद्याचं दोन मिनिटांत काढून पान फाडून द्या, बाकीची पोरं मग तुमची पेटीही सांभाळतात. एखादे आजोबा वाकून बघतील आणि म्हणतील, "फोटोवानी आलंय." कलासमीक्षेच्या दृष्टीने हे वाक्य फार वरचं नाही, पण इथे याहून मोठी पावती मिळत नाही, तेव्हा हसून घ्या.

माहुली हाताखालून गेली की लिंब गावची बारा मोटेची विहीर. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली, अष्टकोनी, आणि विहिरीच्या पोटात चक्क महाल. तिथे यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) चुकतंच, कारण कमानी, जिने आणि कठडे वेगवेगळ्या पातळ्यांवर पळतात. पहिल्या दिवशी फक्त एक कमान काढा. उतरताना कठड्यावर रंगपेटी ठेवू नका, खाली पाणी आहे. त्यानंतर वाईचे घाट आणि मेणवली. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट, आणि वाड्याच्या भिंतींवर जुनी चित्रं. सिनेमावाल्यांनी हा घाट इतका वापरलाय की बसल्या जागी कुणीतरी "शूटिंग आहे का?" विचारून जातं. शहरातल्या शहरात संध्याकाळ घालवायची तर उंचावरच्या 'चार भिंती' या जागी चढा. तिथून सगळा सातारा छपरांसकट खाली पसरलेला दिसतो.

कासच्या फुलांच्या पठाराबद्दल जरा हात आखडूनच लिहितो. पठार सप्टेंबर-ऑक्टोबरात रंगवण्यासारखं असतं यात वाद नाही, पण त्या दिवसांत शनिवार-रविवार म्हणजे जत्रा असते. प्रवेशाचं बुकिंग आधी करावं लागतं, आखलेल्या वाटेवरूनच चालावं लागतं, आणि वाटेत ईझल, म्हणजे चित्राची घोडी, उभा केलात तर मागची रांग तुंबते. खिशात मावणारी वही न्या, कामाच्या दिवशी जा, आणि गवतात पाय ठेवू नका. जांभळ्या गालिच्याचं चित्र काढण्याचा मोह होईल, पण ते चित्र प्रत्येक प्रदर्शनात चार तरी असतात.

कुठल्या महिन्यात काय

जून ते ऑगस्ट या काळात चित्रकार घरात असतात आणि मूर्तिकार जागे. गणपतीच्या कारखान्यात जायला जुलैचा मध्य बरा. तेव्हा साच्यातून निघालेल्या मूर्ती ओळीने पांढऱ्या-करड्या उभ्या असतात, घाई सुरू झालेली नसते, आणि मालक बोलायला तयार असतो. "मामा, जरा बसून बघू का?" एवढं विचारलं की कोपऱ्यात जागा मिळते. शाडूची मूर्ती वाळायला दिवस लागतात, आणि पावसाची झड लागली की आणखी लागतात. हात आणि सोंड जिथे अंगाला जोडलेली असते तिथे तडे जातात. ते ओल्या मातीने भरून, पॉलिश पेपर मारून मगच रंग. अंगकांती आधी, मग पीतांबर, शेला, दागिने. डोळे सगळ्यात शेवटी. या डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात आणि ती कारखान्यातला एकच माणूस करतो. बाकी पोरं पीतांबर रंगवतील, मुकुटाला सोनेरी लावतील, पण बारीक ब्रश हातात घेऊन ओळीतल्या मूर्तींना नजर देत जायचं काम त्याचं. तो आखणीला बसला की बोलू नका. दम धरून ओढलेली भुवईची रेषा बघायला मिळाली तर रेखाटनाच्या महिन्याभराच्या शिकवणीचं काम होतं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र कारखान्याकडे फिरकू नका, मूर्ती न्यायची असेल तरच जा.

दसऱ्याला राजघराण्याचं सीमोल्लंघन निघतं, ते वहीत पकडायला गर्दीत उभं राहावं लागतं. दिवाळीच्या दिवसांत कुठल्याही पेठेत बोळाबोळांतून चाला. किल्ले ही खरी आपली लोककला, आणि सातारकर पोरं ती जिवावर उदार होऊन करतात. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पांघरतात, हळीव पेरून जंगल उगवतात, आणि मावळ्यांची पदांप्रमाणे मांडणी करतात. खरे किल्ले डोळ्यांपुढे असल्याने परीक्षकही कडक. अजिंक्यताऱ्याचा दरवाजा भलत्या बाजूला केला तर समोरच्या घरातले आजोबाच बाहेर येऊन सांगतात. मंडळांच्या किल्ले आणि रांगोळी स्पर्धांना परीक्षक कमी पडतात. एकदा सरांची ओळख झाली की तुम्हालाही बोलावणं येईल. पोरांपुढे उकिडवं बसून त्यांचं ऐकायची तयारी असेल तरच हो म्हणा.

याच सुमारास औंधला संगीत महोत्सव होतो. १९४० साली गायक अंतूबुवा जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला. गाणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची रेखाटनं करायला याहून चांगली जागा नाही, फक्त पेन्सिलीचा आवाज होणार नाही असा कागद घ्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा प्रदर्शनांचा आणि प्रात्यक्षिकांचा मोसम. प्रात्यक्षिक म्हणजे एखादा चित्रकार सगळ्यांसमोर दोन-अडीच तासांत चित्र किंवा व्यक्तिचित्र पुरं करतो. लोक खुर्च्यांवर बसून बघतात, मध्ये चहा होतो. नवख्या माणसाला दहा पुस्तकांपेक्षा हे उपयोगी. पुढच्या रांगेत न बसता चित्रकाराच्या पॅलेटचा हात दिसेल अशा बाजूला बसा. कॅनव्हासवर काय चाललंय ते सगळेच बघतात, रंग कसा कालवला जातो ते बघायचं असतं. हिवाळ्यात यात्राही सुरू होतात. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिल्लार बैल, पालीला खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्याचा पिवळा, आणि फाल्गुनात रंगपंचमीला वाईजवळ बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच लाकडी खांबाला टांगून बैलांनी ओढलेला रथ. ही सगळी वेगाने काढायची चित्रं. तिथे रंग नेऊ नका, बॉलपेन पुरतं.

मे महिन्यात मुलांची शिबिरं. जाहिराती एप्रिलमध्ये वाचनालयाच्या फळ्यावर लागतात.

प्रदर्शनात गेल्यावर

छोट्या गावात प्रदर्शनाचा पहिला दिवस उद्घाटनाचा असतो, म्हणजे भाषणं, नारळ, शाली. चित्रं बघायला दुसऱ्या दिवशी दुपारी जा. हॉल रिकामा असतो आणि चित्रकार खुर्चीवर एकटाच बसलेला असतो. नमस्कार करा, आधी पूर्ण फेरी मारा, मग बोला. अभिप्रायवहीत "अप्रतिम, असेच रंगवत राहा" असं सगळेच लिहितात. तुम्ही चित्राचं नाव लिहून त्यातलं काय आवडलं ते लिहा.

विकत घ्यायचं असेल तर संकोच दोन्हीकडून असतो. किंमत लिहिलेली नसते, आणि विचारली तर चित्रकार म्हणतो, "तुम्ही द्याल ते." हे उत्तर स्वीकारू नका, त्यात दोघांचंही नुकसान होतं. "फ्रेमसकट किती, फ्रेमशिवाय किती?" असं विचारलं की आकडा येतो. परवडत नसेल तर घासाघीस करण्यापेक्षा स्केच आहे का विचारा. अनेकांकडे तयारीची छोटी रेखाटनं पडून असतात, आणि ती कधीकधी मोठ्या चित्राहून सरस निघतात. पैसे जागेवर द्या. मागे सही, साल आणि माध्यम लिहून घ्या.

तुमचं चित्र भिंतीवर लावायचं तर

वर्ष-दीड वर्ष गेलं की ग्रुपातून समूह प्रदर्शनाचं निघेल. हॉलचं भाडं, निमंत्रणपत्रिका आणि चहा-नाश्ता यांची वर्गणी आधीच ठरवून घ्या, नंतर त्यावरून मनं कलुषित होतात. हॉलच्या भिंतीला खिळे मारू देतात का, हे बुकिंग करतानाच विचारा. नसतील देत तर लोखंडी जाळ्या किंवा स्टँड भाड्याने आणावे लागतील, आणि त्यांच्यावर जड काचेच्या फ्रेम बसत नाहीत. चित्रं दोनच द्या, पण एकाच आकाराची, एकाच पट्टीत. हॉलची ट्यूबलाइट काचेत चमकते, म्हणून आदल्या रात्री दिवे लावून सगळ्या भिंतींसमोरून एकदा चाला आणि चमकणारी चित्रं हलवा. मोठ्या पल्ल्याचा विचार असेल तर महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनाची जाहिरात बघत राहा. त्यात विद्यार्थ्यांचा आणि कलाकारांचा असे वेगळे विभाग असतात, आणि कुठल्याही कला महाविद्यालयात न गेलेल्या माणसाने अर्ज भरण्याआधी पात्रतेच्या अटी नीट वाचाव्यात.

शेवटच्या संध्याकाळी उतरवायला थांबा. उद्घाटनाला चाळीस माणसं असतात आणि उतरवायला चार, आणि पुढच्या प्रदर्शनाला कुणाला बोलवायचं हे त्या चौघांतच ठरतं. खिळे उपटा, भोकं पुट्टीने बुजवा, चित्रं समोरासमोर तोंड करून मध्ये पुठ्ठा घालून बांधा, आणि किल्ली देताना वॉचमनलाही चहा सांगा.